बहात्तर तास कुठून मोजायचे

आमच्या वॉर्डात आया चार होत्या आणि चौघींनाही आम्ही मावशीच म्हणायचो. पण ‘मावशींना बोलवा’ असं कुणी म्हटलं, की तिघी जागच्या हलायच्या नाहीत. कुठल्या मावशी, ते त्यांना न सांगता कळायचं.

पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड, तिसरा मजला, तीस खाटा. मी तिथे मुख्य सिस्टर होते. मावशी माझ्या आधी सात वर्षं तिथे लागलेल्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, चालताना डावा पाय किंचित ओढायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. फरशी पुसणं, भांडी देणं-नेणं, चादरी बदलणं आणि रोग्यांच्या नळ्यांमधून पिशवीत जे जमेल ते मापात ओतून किती झालं ते आम्हाला सांगणं, हे त्यांचं काम. लोक ज्याच्याकडे पाहताना तोंड फिरवतात ते मावशी उजेडाकडे धरून बघायच्या.

“सिस्टर, अकरा नंबर. साडेतीनशे. शेवाळी.”

साडेतीनशे मी तक्त्यात लिहायची. शेवाळीसाठी तक्त्यात रकाना नव्हता. मला आठवण झाली तर मी ते कडेला पेन्सिलीने लिहायची.

आतड्याला अडथळा झालेले रोगी आमच्याकडे महिन्याला पाच-सहा यायचे. पोटाचं जुनं ऑपरेशन झालेलं असलं, की आत आतड्यांना चिकटे धरतात, म्हणजे जखम भरताना दोरीसारखे पट्टे तयार होतात. कधीतरी त्यात आतडं अडकतं. खाल्लेलं पुढे जात नाही, पोट फुगतं, उलट्या होतात. अशा माणसाच्या नाकातून पोटात नळी घालायची, तोंडाने पाण्याचा घोटही द्यायचा नाही, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. बऱ्याच जणांचं आतडं आपोआप सुटतं. ज्यांचं सुटत नाही त्यांचं पोट उघडावं लागतं. किती थांबायचं, सगळं दुखणं तिथे आहे. लवकर उघडलं तर नसता घाव, उशीर झाला तर आतडं आतल्या आत मरतं. आमच्याकडे ठरलेली मुदत होती बहात्तर तासांची, तीही रोग्याची लक्षणं बिघडली नाहीत तरच.

आतडं सुटल्याची पहिली खूण म्हणजे वारा सरणं. सभ्य माणसांना ते सांगायची लाज. एक निवृत्त मुख्याध्यापक तीन दिवस नळी लावून पडले होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मावशींना खुणेने जवळ बोलावलं आणि कानात कुजबुजले, “ते... झालं.” मावशी वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, “सुटले हो गुरुजी!” तीस खाटांवरून हशा उठला. ज्यांना टाके होते ते पोट धरून हसले. मुख्याध्यापकांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. पण घरी जाताना सगळ्यांत शेवटी मावशींचा निरोप घेतला.

म्हणजे वाट पाहणं कसं असतं, हे मावशींना कुणी शिकवायची गरज नव्हती. वाट पाहण्यावर त्यांचा रागही नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की बाईला काही कळत नव्हतं, भावापायी डोकं फिरलं होतं.

मावशींनी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या आणि भाऊ चार वर्षांचा. वडील होते, पण असून नसल्यासारखे. भाऊ लहानपणी फार बुटका म्हणून त्याला ठेंगू नाव पडलं. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका वाढला, तरी नाव तेच राहिलं. घरांना, इमारतींना रंग द्यायचा त्याचा धंदा. हाताखाली तीन माणसं. कधी बहिणीला न्यायला आला, की जिन्याशी उभा राहून आमच्या भिंतींकडे बघत चुकचुकायचा. “सिस्टर, हा रंग दिला कुणी? धडधाकट माणूस इथे आला तर आजारी पडेल.” मग मावशी म्हणायच्या, “आमच्या घरात दोघंही रंगांवरच जगतो. फक्त माझे रंग कुणी भिंतीला लावत नाही.”

ठेंगूला विसाव्या वर्षी अपेंडिक्स फुटलं होतं. तेव्हा पोट उघडून धुवावं लागलं होतं. बेंबीपासून खाली एक लांब व्रण होता. पुढे सव्वीस वर्षं त्याला साधी पोटदुखीसुद्धा झाली नाही.

तो बुधवार होता. एका शाळेची बाहेरची भिंत रंगवायची होती. सकाळी आठ वाजता ठेंगू परांचीवर चढला आणि तिथेच त्याला उलटी झाली. खाली उतरून तोंड धुतलं, पुन्हा चढला, पुन्हा झाली. पोटात कळ यायची, पिळवटून काढायची आणि निघून जायची. दिवसभर तो घरी पडून राहिला. गुरुवारी सकाळी त्याची बायको त्याला घेऊन आमच्याच रुग्णालयात आली. दुसरीकडे कुठे जाणार? अक्का तिथे होती.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते, समोर चाळीस माणसांची रांग. त्यांनी विचारलं, “शौचाला कधी झाली होती?” ठेंगू म्हणाला, “मंगळवारी.” त्यांनी बनियन वर न करताच पोट दाबलं आणि लिहिलं: पोटदुखी, गॅस, बद्धकोष्ठ. आमच्या वॉर्डात त्या दिवशी खाट रिकामी नव्हती. तसाही त्यांना तो आमचा रोगी वाटला नसेल. दुसऱ्या मजल्यावर, औषधोपचाराच्या वॉर्डात त्याला खाट मिळाली. तिथे त्याला एनिमा दिला.

भावजय धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आली. “अक्का, यांना खाली ठेवलंय. तुम्ही जरा बघता का?”

चहाच्या सुट्टीत मावशी खाली गेल्या. पंधरा मिनिटांची सुट्टी असते. बनियन वर केली, व्रण बघितला, पोटावर बोटांनी टिचकी मारली.

“वारा सरतोय का रे?”

“अक्का, सगळ्यांदेखत काय विचारतेस.”

“सरतोय का ते सांग.”

“कालपासून नाही.”

त्यांनी तिथल्या सिस्टरना सांगितलं. त्या चांगल्या होत्या, त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं. तरी नळी पडेपर्यंत संध्याकाळ झाली. नळी घातल्याबरोबर सव्वा लिटर हिरवं पाणी बाहेर आलं आणि ठेंगूला एकदम हलकं वाटलं. तो उठून बसला, बायकोला घरी जा म्हणाला. यातच सगळे फसतात. पोट रिकामं झालं की माणूस बरा दिसतो; गाठ मात्र आत तशीच असते.

शुक्रवारी दुपारी आमच्या विभागाचे निवासी डॉक्टर त्याला बघायला खाली गेले. त्यांनी व्रण बघितला, निदान अचूक केलं. लिहिलं: आतड्याला अडथळा, जुन्या ऑपरेशनचे चिकटे, नळी चालू ठेवा, एक्स-रेत दिसणारं औषध पाजून आतडं मोकळं आहे का ते बघा, बहात्तर तास वाट पाहू. म्हणजे शुक्रवारपासून बहात्तर. बुधवार आणि गुरुवार तिथेच गळाले. एक्स-रेच्या औषधाचं काम सोमवारी होईल असं कळलं, कारण ते करणारा माणूस शनिवार-रविवार नसायचा.

शनिवारी माझ्या वॉर्डात खाट रिकामी झाली. अकरा नंबर. ठेंगूला वर आणलं. आमच्याकडे रोगी आला की नवा केसपेपर करायचा, हा नियम. तो मीच केला. माझ्या हाताने लिहिलं: भरती, शनिवार, दुपारी दोन. दुसऱ्या मजल्याचे कागद मागून पाठवतो म्हणाले. मी ‘बरं’ म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागले. शुक्रवारी लिहिलेलं ते एक्स-रेचं औषध त्या जुन्या कागदांतच राहिलं.

शनिवारी दुपारपासून वॉर्ड सांभाळणारं डॉक्टरांचं युनिट बदलत होतं. नव्या युनिटच्या डॉक्टरांनी माझा कागद वाचला, पोट तपासलं आणि खाली लिहिलं: बहात्तर तास वाट पाहणे.

मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात मापाचं भांडं.

“सिस्टर, सातशे. तपकिरीकडे झुकतंय.”

मी सातशे लिहिलं.

“सिस्टर, यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलंय का?”

“डॉक्टर बघताहेत ना मावशी. घाबरू नका.”

मी हेच वाक्य बोलले. रोज शंभर नातेवाइकांना बोलायची, तेच.

रविवारी मावशींची सुट्टी असायची, पण सकाळी सातला त्या हजर. त्या दिवशी वॉर्डात मीच होते. भावजय खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. ठेंगूचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, तरी जीभ शाबूत होती.

“काय उपयोग गं अक्का तुझ्या ओळखीपाळखीचा? तीस वर्षं नोकरी केलीस इथे, आणि साधा एक वारा सोडवता येईना तुला!”

मावशी हसल्या. ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले. पाणी मागत होता, ते देता येत नव्हतं. “सुटलास की अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडणार आहे मी,” त्या म्हणाल्या.

“नको बाई. धंदा आहे माझा गावात.”

दुपारी मात्र त्याचं बोलणं थांबलं. मावशी माझ्याकडे आल्या, आणि या वेळी त्यांच्या हातात भांडं नव्हतं.

“सिस्टर, कळ आता येऊन-जाऊन नाही. लागूनच आहे. मघापासून तो हललेला नाही. हलायला घाबरतोय.”

मला त्याचा अर्थ कळत होता. नाडी मोजली, एकशे बारा. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ते एकटेच तीन वॉर्ड सांभाळत होते. तासाभराने आले. पोट दाबून म्हणाले, “मऊ आहे.” सकाळी दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं होतं, पोट मऊ लागायचंच. त्यांनी मोठ्या सरांना फोन लावला. मोठे सर म्हणजे युनिटचे प्रमुख, नावाजलेले सर्जन. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, या डॉक्टरांचं उत्तर ऐकू आलं: “नाही सर, अजून चोवीस तासच झालेत.”

मावशी चार पावलांवर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांना म्हणायला हवं होतं की चोवीस नव्हे, आज पाचवा दिवस. मी म्हणाले, “डॉक्टर, ते आधी खालच्या वॉर्डात होते.” त्यांनी फोन ठेवला होता. “हो का? कागद आलेत?” “नाही.” “मग मागवून ठेवा,” म्हणाले आणि गेले.

मावशी का गप्प राहिल्या, हे लोक विचारतात. त्याचं उत्तर बारा वर्षं जुनं आहे. एकदा राउंडमध्ये एका रोग्याच्या जखमेला वास येतोय, असं त्या न विचारता बोलल्या होत्या. वास खराच होता. पण तेव्हाच्या डॉक्टरांनी तक्रार केली आणि मावशींना लेखी समज मिळाली: आपल्या कामाची मर्यादा ओलांडू नये. तो कागद त्यांनी घडी घालून पेटीत ठेवला होता. तेव्हापासून राउंड सुरू झाला की त्या बादली उचलून बाहेर जायच्या.

सोमवारी त्या बाहेर गेल्या नाहीत. सकाळी आठला मोठे सर आले, मागे पाच-सहा डॉक्टर. मावशी अकरा नंबरच्या उशाशी बादली घेऊन उभ्या राहिल्या.

नव्या युनिटचे निवासी डॉक्टर वाचत होते, “शनिवारी भरती सर. आतड्याला अडथळा. वाट पाहतोय. बेचाळीस तास झाले.”

सरांनी पोटावर हात ठेवला. ठेंगूने ओरडू नये म्हणून ओठ चावला. सरांच्या कपाळाला आठी पडली.

“सर, बुधवारी सकाळी आठपासून आहे हे.”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. “मावशी, राउंड चालू आहे,” निवासी डॉक्टर म्हणाले.

“माझा भाऊ आहे तो.”

सर म्हणाले, “बुधवारपासून? मग शनिवारपर्यंत कुठे होता?”

“खालच्या मजल्यावर सर. याच इमारतीत.”

सरांनी हात पुढे केला, जुने कागद मागितले. ते नव्हते. माणूस धाडला. एक जिना उतरायचा आणि चढायचा, पण कागद हाती यायला साडेअकरा वाजले, कारण ते कपाटात ठेवून किल्लीवाली सिस्टर रजेवर गेली होती. तोवर ताप एकशे दोन झाला, नाडी एकशे तीस. सर कागद वाचून एवढंच म्हणाले, “ताबडतोब घ्या.” ताबडतोब म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आधी ठरलेलं एक काम चालू होतं, ते संपल्यावर. चार वाजता त्याला आत घेतलं.

नेताना ठेंगूने बहिणीचा हात धरला होता. दाराशी तो सोडवावा लागला. “अक्का, तू आत ये ना,” म्हणाला. “तू तर इथलीच आहेस.” मावशींना त्या दारातून आत जायची परवानगी नव्हती. थिएटरच्या आया वेगळ्या असतात.

सहाला सर बाहेर आले. भावजयीकडे न बघता मावशींशी बोलले. “आतड्यावर एक दोरीसारखा चिकटा होता. त्याच्याखाली आतडं अडकून पीळ पडला होता. दोरी कात्रीने एका झटक्यात तुटली. पण चार फूट आतडं काळं पडलं होतं, एका जागी फुटलं होतं. ते काढलंय.” मग म्हणाले, “बघू या.”

एका झटक्यात तुटली, हे त्यांनी का सांगितलं कोण जाणे. ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस मावशी काम करता करता मध्येच थांबायच्या आणि दोन बोटं कात्रीसारखी हलवून बघायच्या.

ठेंगू अतिदक्षता विभागात नऊ दिवस होता. घशात नळी, त्यामुळे बोलणं नाही. पू सगळ्या पोटात पसरला होता. मूत्रपिंडं थांबली. दहाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकरा वाजता तो गेला. वय सेहेचाळीस.

भावजय रडली नाही. कागदांवर सह्या केल्या, त्याचं घड्याळ आणि अंगठी रुमालात बांधली. मग मावशींसमोर येऊन उभी राहिली.

“अक्का, तुम्ही आत होतात.”

एवढंच बोलली. त्यानंतर तिने मावशींशी बोलणं टाकलं. दोघी एकाच गल्लीत राहायच्या. ती समोरून यायची आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी एकदा मावशींना म्हटलं, “तिला समजवायला हवं, तुमची काय चूक?” त्या म्हणाल्या, “तिला काय समजवायचं? तिचं बरोबर आहे. मी बाहेरची असते तर शुक्रवारीच आरडाओरडा केला असता. बाहेरची माणसं करतातच की. मी आतली, म्हणून गप्प बसले.”

दर महिन्याला आमच्याकडे मृत्यूंचा आढावा घ्यायची बैठक असायची. लांब टेबल, पडदा, सगळ्या विभागांचे डॉक्टर. वॉर्डाची फाइल घेऊन मुख्य सिस्टरने बसायचं आणि आयांनी चहा द्यायचा. त्या महिन्याची पाळी मावशींची होती. मी त्यांना म्हटलं, दुसरीला पाठवते. त्या म्हणाल्या, “पाळी माझी आहे.”

पडद्यावर आलं: सेहेचाळीस वर्षांचा पुरुष. निवासी डॉक्टरांनी सगळं नीट मांडलं. शेवटची ओळ अशी होती: भरतीपासून शस्त्रक्रियेपर्यंत पन्नास तास, मान्य मुदतीच्या आत, उपचारांची वेळ योग्य.

“कुणाला काही विचारायचंय?” अध्यक्षस्थानी रुग्णालयाचे अधीक्षक होते.

मावशी ट्रे घेऊन खुर्च्यांच्या मागून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

“एकशे अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या.

अधीक्षकांना कळेना आवाज कुठून आला. “काय?”

“पन्नास नाही साहेब. पहिली उलटी बुधवारी सकाळी आठ. पोट उघडलं सोमवारी दुपारी चार. मी बोटांवर मोजलंय. हवं तर तुम्ही मोजा.”

मी मोठ्या सरांकडे बघितलं. त्यांनी तो दुसऱ्या मजल्याचा कागद स्वतः वाचला होता. ते खिडकीबाहेर बघत होते.

आणि माझ्या मांडीवर फाइल होती. तो कागद तिच्यात होता, मीच लावला होता, खालून तिसरा. नुसती उघडून टेबलावर सरकवायची होती. बोलायचीही गरज नव्हती. मी फाइलवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, त्या फाइलमध्ये माझंही अक्षर आहे: भरती, शनिवार, दुपारी दोन.

“मावशी, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो,” अधीक्षक म्हणाले. “ट्रे ठेवा आणि बाहेर थांबा.”

त्यांनी ट्रे ठेवला, पण त्याआधी उरलेल्या तिघांना चहा दिला. मोठ्या सरांनाही.

बैठकीच्या इतिवृत्तात दोन गोष्टी आल्या. उपचारांची वेळ योग्य होती, ही एक. बैठकीशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांनी चर्चा चालू असताना दालनात थांबू नये, ही दुसरी. आठवडाभरात मावशींची बदली तळघरात झाली, चादरींच्या कोठारात. काम हलकं आहे, वयाला बरं, असं सांगितलं गेलं.

मी वर्षभराने अधीक्षकांना अर्ज केला. जुन्या कागदाची प्रत जोडली, सगळ्या तारखा लिहिल्या. माझी स्वतःची चूकही लिहिली. कसलं शौर्य नव्हतं त्यात. तोवर माझी दुसऱ्या रुग्णालयात नेमणूक ठरली होती आणि कुणी मला काही करू शकणार नव्हतं. उत्तर तीन ओळींचं आलं. प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

ते उत्तर घेऊन मी तळघरात गेले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत.

“मावशी, त्या दिवशी तो कागद माझ्याकडे होता. फाइलमध्ये.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फाइल कशी धरली होती ते मला मागून दिसत होतं.”

मी उभीच राहिले. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, निदान शिव्या तरी देतील. त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “धरा,” म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून ती घडी घातली, मग आणखी एक. पुष्कळ चादरी होत्या.

जाण्यापूर्वी मी माझ्या वॉर्डापुरता एक बदल केला होता. पोट अडकलेला रोगी आला, की केसपेपरच्या वर हाताने एक ओळ लिहायची: पहिली उलटी कधी, शेवटचा वारा कधी. दोन-तीन डॉक्टर ती ओळ भरायचे, बाकीचे रेघ मारायचे. पुढे नवे छापील केसपेपर आले. त्यांत ती ओळ नव्हती.

मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी मला बोलावणं होतं. त्याच लांब टेबलाच्या खोलीत कार्यक्रम होता. मोठे सर तोवर अधीक्षक झाले होते. ते चांगलं बोलतात. मावशींची बत्तीस वर्षांची सेवा, त्यांची शिस्त, त्यांचा हसरा स्वभाव, सगळं त्यांनी सांगितलं. “आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत या बाईंनी एकदाही कसली तक्रार केली नाही.”

टाळ्या वाजल्या. मावशी उभ्या राहिल्या, नमस्कार केला, फुलं घेतली. बोलायला सांगितलं तर मान हलवून नको म्हणाल्या.

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. बस भरून आली होती. त्यांनी फुलं माझ्या हातात दिली. “तुम्हीच ठेवा सिस्टर,” म्हणाल्या, “गर्दीत चुरगळतील.” मग डावा पाय ओढत पायरी चढल्या आणि मागे न बघता आत गेल्या.